मॅक, विंडोज, लिनक्स आणि आत्याच्या कॅसेट्स

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला नातेवाइकांत एक बिनपगारी हुद्दा आपोआप मिळतो. 'कुठला कंप्यूटर घेऊ?' या प्रश्नाचं उत्तर देण्याचा. लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात असताना हा प्रश्न मला विचारला गेलेला आहे. मी इमानदारीत उलट विचारतो, 'काय करायचंय त्यावर?' आणि उत्तर ठरलेलं असतं. 'विशेष काही नाही रे, नेहमीचंच. आणि गाणी.'

आता हे 'नेहमीचंच' आणि 'गाणी' दिसतात तेवढे साधे शब्द नाहीत. माझ्या घरात एवढ्याच दोन कामांसाठी आज तीन मशीन्स आहेत. एक मॅकबुक एअर, एक विंडोजचा लॅपटॉप, आणि एक जुनं डबडं ज्यावर डेबियन लिनक्स चालतं. बायकोच्या मते हा निव्वळ हावरटपणा आहे. माझ्या मते ही श्रमविभागणी आहे. (वाद अजून निकालात निघालेला नाही.) तर आज माझी बाजू मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी आत्या गायची. रेडिओवर नाही आणि कार्यक्रमांतही फारशी नाही. सांगलीचं घर, मिरज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे किराण्याचं गाणं तिच्या कानावर लहानपणापासून होतं. पुढे रीतसर शिकली, लग्न झालं, आणि मग गाणं माजघरापुरतं उरलं. गणपतीत, कोजागरीला, कधी नुसतीच दुपारची जेवणं उरकल्यावर. बाबांना गाता येत नव्हतं, पण टेपरेकॉर्डर चालवता येत होता. १९७९ पासून पुढची सोळा वर्षं ते आत्यासमोर रेकॉर्डर ठेवून बसत आले. त्यातून १४० कॅसेट्स झाल्या. आता आत्या नाही, बाबाही नाहीत. तिचं गाणं या १४० कॅसेट्स सोडून जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि कॅसेटची पट्टी काही अमरपट्टा घेऊन आलेली नसते.

त्यामुळे 'मॅक बरा की विंडोज' हा वाद माझ्यासाठी चहाच्या टपरीवरचा राहिला नाही. मला तीन प्रश्नांची उत्तरं हवी होती. हे गाणं पट्टीवरून उतरवायचं कशावर? उतरवलेलं ठेवायचं कुठे, म्हणजे तीस वर्षांनी माझ्या मुलीला ते ऐकता येईल? आणि हे चालू असताना घरातले बाकीचे व्यवहार कशावर करायचे?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. 'मॅकवर गाणी जास्त चांगली ऐकू येतात' हे वाक्य मी अत्यंत जाणकार कानसेनांकडून ऐकलेलं आहे. तीच फाइल, तोच बाहेरचा डॅक, तेच स्पीकर असतील आणि मधे कुठल्या सॉफ्टवेअरने इक्वलायझर वगैरे लावलेला नसेल, तर तिन्हीकडे सारखंच ऐकू येतं. आकडे तेच, ते व्होल्टेजमध्ये बदलणारी चिप तीच, मग फरक येणार कुठून? लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर मॅकचे चांगले असतात हे मान्य, पण तो स्पीकरचा गुण झाला. ऐकण्यापुरतं बोलायचं तर जे हाताशी असेल ते वापरा आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला. पंगतीतल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच संपलं.

फरक पडतो तो गाणं आत घ्यायला लागलो की.

कंप्यूटर आवाज सलग घेत नाही, तुकड्यातुकड्यांनी घेतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर ठेवला तर एक तुकडा भरायला साधारण २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक तुकडा, बाहेर जाताना एक, शिवाय मधली धावपळ. बफर १,०२४ चा केला तर एकेका तुकड्यालाच २१ मिलिसेकंद लागतात. हे आकडे कोरडे वाटतात म्हणून बैठकीच्या भाषेत सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर. हेडफोन लावून गाणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज १० मिलिसेकंद उशिरा आला तर तबलजी साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं वाटतं. चालून जातं. ४० मिलिसेकंद झाले की तबलजी हॉलच्या मागच्या दारात जाऊन बसलेला असतो. आता म्हणा द्रुत!

माझी मुलगी गाणं शिकते. कानात तानपुरा आणि ठेका घेऊन ती रेकॉर्ड करते, त्यामुळे हा उशीर आमच्या घरात रोजचा विषय आहे. बफर लहान ठेवला तर उशीर कमी होतो, पण मशीनला दम खायला वेळ मिळत नाही आणि एखादा तुकडा वेळेवर पोचला नाही की 'कट्' असा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा जाऊन बसतो. सगळा खेळ या दोन टोकांच्या मधला आहे.

इथे मला मॅक आवडतो. कोअर ऑडिओ हा मॅक ओएस टेनच्या अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ पासून, सिस्टिमच्या पोटातच आहे. बहुतेक यूएसबी ऑडिओ इंटरफेस ड्रायव्हर न घालता खोचले की चालतात, आणि तोच इंटरफेस दोन-तीन प्रोग्रॅम्सना एकाच वेळी वापरता येतो. विंडोजकडे याच कामासाठी आसिओ आहे, पण तो मायक्रोसॉफ्टचा नव्हे. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये तो आणला. तेव्हाच्या विंडोजमधून आवाजाला जो लांबचा रस्ता पडायचा तो टाळणारा हा आडरस्ता होता. आडरस्ता उत्तम आहे, जगभरचे स्टुडिओ त्यावरून जातात, पण प्रत्येक इंटरफेसचा ड्रायव्हर वेगळा आणि एकाचा गुण दुसऱ्याला नाही. शिवाय वाय-फायसारख्या दुसऱ्याच कुठल्या तरी उपकरणाच्या ड्रायव्हरने प्रोसेसर क्षणभर अडवून धरला तर 'कट्' ठरलेला. जमवता येतं, पण जमवावं लागतं.

आणि लिनक्स? आमच्या पिढीतल्या लिनक्सवाल्यांनी आवाज सुरू करणं हाच छंद म्हणून जोपासलेला आहे. आधी ओएसएस, मग आल्सा, त्यावर पल्सऑडिओ, आणि गंभीर काम करायचं असेल तर बाजूला २००२ पासून असलेलं जॅक. पल्स आणि जॅक म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन जावा. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने पाइपवायर हे नवं सॉफ्टवेअर मूळ व्यवस्था म्हणून घेतलं आणि या दोघींची कामं एकीकडेच व्हायला लागली. आज लिनक्सवर रेकॉर्डिंग खरोखर चांगलं होतं. रीपर, आर्डर, ऑडॅसिटी सगळं चालतं. तरी मुलगी गायला बसली की मी मॅक उघडतो. कारण विचाराल तर अर्धं तांत्रिक आणि अर्धं आवडीचं आहे. २०२० साली आलेल्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. खोलीत आवाज फक्त छताच्या पंख्याचा, आणि तो बंद केला की मे महिन्यात फक्त घरच्यांच्या तक्रारींचा.

कॅसेट्सना मात्र उशिराशी देणंघेणं नाही. तिथे बफर खुशाल मोठा ठेवावा आणि सलग दीड तास एकही 'कट्' येऊ नये एवढंच बघावं. खरं काम डेकपाशी असतं. हेड स्पिरिटने पुसायचं. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरने हेडचा कोन इतका बदलायचा की तानपुऱ्याची जवारी एकदम उघडते. बाबांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं होतं, त्यामुळे सरळ हेडवर आत्याचा आवाज रजई पांघरून गायल्यासारखा येतो.

दुसरी गंमत वेगाची. लाइट गेली की बाबा सेल घालून रेकॉर्डिंग चालू ठेवायचे. सेल उतरत गेले की पट्टी हळू फिरायची, म्हणजे आज नेहमीच्या वेगाने वाजवली की आत्याचा षड्ज वर वर सरकत जातो. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की काळी चारची पांढरी सहा होते. अशा कॅसेट्सचा वेग मी घरातल्या जुन्या पेटीशी ताडून सुधारतो. रेकॉर्डिंगमध्ये साथीला हीच पेटी आहे, त्यामुळे तिचा स्वर जुळला की आत्याचाही जुळतो. हे काम कुठल्याही प्लॅटफॉर्मवर सारखंच होतं, आणि त्याला मशीनपेक्षा कान जास्त लागतो.

आता दुसरा प्रश्न, ठेवायचं कुठे. इथे मात्र माझं मत पक्कं आहे आणि ते इतिहासातून आलेलं आहे.

लॉजिक हा संगीत करणाऱ्यांचा नावाजलेला प्रोग्रॅम. एमॅजिक नावाच्या जर्मन कंपनीचा. तो विंडोजवरही चालायचा आणि मॅकवरही. जुलै २००२ मध्ये ॲपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद करून टाकली. विंडोजवर ज्यांची वर्षानुवर्षांची गाणी लॉजिकमध्ये होती त्यांनी एका सकाळी उठून काय करायचं? पुढे २०१९ मध्ये कॅटलिना आलं आणि मॅकवर ३२ बिटचे सगळे जुने प्रोग्रॅम चालायचे थांबले. ॲपलचं हे असंच असतं. घर सुंदर, पण मालक दर काही वर्षांनी भिंती हलवतो.

मायक्रोसॉफ्टची कथा तर विनोदी आहे. २००४ मध्ये त्यांनी विकतच्या गाण्यांसाठी एक शिक्का काढला. नाव प्लेज फॉर शुअर, म्हणजे 'हमखास वाजणार'. २००६ मध्ये त्यांचाच झून प्लेअर आला आणि त्यावर ही हमखास वाजणारी गाणी वाजेनात! २००८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की एमएसएन म्युझिकवर घेतलेल्या गाण्यांना परवाने देणारे सर्व्हर आता बंद होणार. म्हणजे नवीन कंप्यूटर घेतला की पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी. आरडाओरडा झाल्यावर ती मुदत पुढे ढकलली गेली, पण मुद्दा समजायचा तो समजला. ॲपलच्या दुकानातली गाणी २००९ मध्ये अशा कुलपातून सुटली. आयपॉड मात्र २०२२ मध्ये कायमचा बंद झाला.

मी कुठल्याच कंपनीवर रागावलेला नाही. कंपन्यांना धंदा करायचा असतो, आत्याचा मारवा जपणं हे त्यांचं काम नाही. ते माझं आहे.

म्हणून ठेवणीचं सगळं लिनक्सवर, आणि फ्लॅक या प्रकारच्या फाइल्समध्ये. फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ ची. त्यात एकही आकडा न गमावता फाइल लहान होते, आणि त्याची पूर्ण रचना खुली आहे. डिसेंबर २०२४ पासून ती इंटरनेटच्या अधिकृत मानकांतही आली. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक फ्लॅक फाइलच्या डोक्यात मूळ आवाजाचा एक ठसा लिहिलेला असतो. एक छोटी आज्ञा दिली की मशीन पूर्ण फाइल उलगडून त्या ठशाशी ताडून बघतं आणि आतला आवाज जसाच्या तसा आहे का ते सांगतं. दर महिन्याच्या एक तारखेला माझं डबडं ही उजळणी स्वतः करतं. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झला दीड तासाची कॅसेट साधारण दीड जीबी होते, १४० कॅसेट्स मिळून २२० जीबीच्या आत, आणि फ्लॅक केल्यावर त्याहून बऱ्याच कमी. त्याच्या तीन प्रती, त्यातली एक धाकट्या भावाकडे नाशिकला.

फाइल्सना नावं देतानाची एक गोष्ट खास मराठी वाचकांसाठी. आपलं भावगीत वाऱ्यावर, ताऱ्यांवर आणि किनाऱ्यावर चालतं. म्हणजे त्यात 'ऱ' फार. हा ऱ युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता असाही. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे. मॅकची जुनी फाइल व्यवस्था, एचएफएस प्लस, फाइलच्या नावातली अशी जोडअक्षरं फोडून साठवायची. तो दोष नव्हता, विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. पण लिनक्स आणि विंडोज नाव जसं दिलं तसंच ठेवतात. त्यामुळे असा संग्रह मॅकवरून लिनक्सवर आणि परत असा फिरवला की 'वाऱ्या'च्या दोन फाइल्स शेजारी शेजारी दिसू शकतात, आणि कुठली खरी ते डोळ्यांना कळत नाही. २०१७ मध्ये मॅकवर नवी व्यवस्था आली आणि हे नाव फोडणं थांबलं. पण कुठलाही कीबोर्ड तोच आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच पद्धतीने उमटवू शकतो. म्हणून माझ्या फाइल्सना नावंच नाहीत, फक्त क्रमांक आहेत. राग, बंदिश, तारीख, साथीला कोण हे सगळं एका साध्या मजकुराच्या सूचीत. तिन्ही घराण्यांना अंक सारखेच कळतात.

राहता राहिलं विंडोज. लिनक्सवाल्या मित्रांत विंडोजला नावं ठेवणं हा शिष्टाचार आहे, पण मी त्यात पूर्वीइतका उत्साहाने भाग घेत नाही. बायकोच्या ऑफिसच्या मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेल फाइल्स, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, सोसायटीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर... हे सगळं विंडोज गृहीत धरून बनलेलं असतं. 'नेहमीचंच' म्हणतात ते हेच.

आणि एक उपकार मी कधी विसरणार नाही. बाबांनी कॅसेट्सची यादी केली होती. १९९९ मध्ये चुलतभावाने ती सांगेल तशी टाइप केली, त्या काळच्या एका डीटीपी फॉण्टमध्ये. युनिकोडच्या आधीचा जमाना. तो फॉण्ट आणि त्याचा प्रोग्रॅम नसेल तर ती फाइल म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुनी सीडी शोधली, प्रोग्रॅम विंडोजवर टाकला, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो प्रोग्रॅम काही झालंच नाही अशा थाटात उघडला. 'कॅसेट ४७, बाजू अ, मारवा, पेटी: नाना, मधेच कुकर.' बाबांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. जुन्याला न हाकलणं हा विंडोजचा मोठा गुण आहे, आणि त्याची किंमत अशा वेळी कळते.

तरी तिथेही मर्यादा आहेतच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. भाच्याचा २०१५ चा लॅपटॉप त्या परीक्षेत नापास झाला. तो भंगारात जायच्या आत मी उचलला. माझं डेबियनचं डबडं म्हणतो ते हेच.

तर माझी आवड एका वाक्यात: गाणं मॅकवर घ्यावं, लिनक्सवर ठेवावं आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार विंडोजवर करावेत. एकच मशीन परवडत असेल तर आहे ते ठेवा. फक्त गाणी अशा रूपात ठेवा की ती उद्या दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उचलून नेता येतील.

घराण्यांच्या भांडणात मला नेहमी भास्करबुवा बखले आठवतात. बुवा ग्वाल्हेरच्या फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, आग्र्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे शिकले आणि जयपूरच्या अल्लादिया खाँसाहेबांकडेही. ज्याच्याकडे जे चांगलं ते घेतलं. आम्ही कंप्यूटरवाले मात्र एकाच गुरूचा गंडा बांधून बाकीच्यांच्या नावाने कानाला हात लावत बसतो.

आतापर्यंत १०२ कॅसेट्स झाल्या, ३८ राहिल्या आहेत. मुलगी सध्या कॅसेट ४७ मधला मारवा ऐकून ऐकून बसवते आहे, कुकरच्या शिटीसकट. तुमच्याही माळ्यावर असा एखादा खोका असेल तर कुठला कंप्यूटर घ्यायचा याचा विचार सावकाश करा. खोका मात्र आजच खाली काढा. चालू स्थितीतले डेक दुर्मिळ होत चालले आहेत, आणि पट्टीही आपल्यासाठी थांबणार नाही.